रिकामी इमारत कुणाची? घराच्या प्रश्नाचा आपला इतिहास



मागच्या जूनमधली गोष्ट. शेगावजवळच्या एका खेड्यातला आपला एक मुलगा पुण्याला शिकायला निघाला. वडील ऑटो चालवतात. महाराष्ट्र एक्सप्रेसने तो पुण्यात उतरला आणि पाच दिवस खोली शोधत फिरला. पहिल्या घरमालकाने आडनाव विचारलं. दुसऱ्याने आडनावावरून कळलं नाही म्हणून गाव विचारलं, मग "तुम्ही कोणत्यापैकी?" असं विचारलं. तिसऱ्याने काहीच विचारलं नाही, पण मुलाच्या मोबाईलच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो होता, तो पाहिल्यावर खोली "कालच गेली" असं सांगितलं. सरकारी वसतिगृहाची यादी लागायला अजून वेळ होता. शेवटी तो एका मित्राच्या खोलीत, जिथे आधीच चौघं होते, तिथे पाचवा म्हणून राहिला.

त्याच आठवड्यात मी त्याला मोबाईलवर आलेली एक बातमी सांगितली. कोरोनानंतर घरून काम करायची पद्धत वाढली, त्यामुळे न्यूयॉर्क, लंडनसारख्या शहरांत ऑफिसच्या मोठमोठ्या इमारती रिकाम्या पडल्या आणि आता त्यांचे फ्लॅट केले जात आहेत. तो पटकन म्हणाला, "दादा, इतकी हापिसं रिकामी हायेत तं पोराईले कावून देत नाहीत?"

प्रश्न साधा आहे. उत्तर शोधायला मात्र शंभर वर्षं मागे जावं लागतं. कारण "रिकामी इमारत" हा शब्द ऐकायला सरळ वाटतो, पण रिकामी म्हणजे कुणासाठी रिकामी, हे आपल्या देशात नेहमी आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

बडोदा, १९१७

हा इतिहास बाबासाहेबांपासूनच सुरू होतो. कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये शिकून १९१७ साली ते करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात बसायला जागा मिळाली, पण राहायला कुठेच नाही. हिंदू खाणावळीत महार म्हणून प्रवेश नव्हता. म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. आपल्या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी त्या जागेचं वर्णन केलं आहे. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली. बाकी सगळा एक मोठा हॉल, त्यात मोडक्या खुर्च्या आणि बाकांची अडगळ. विजेचा दिवा नाही, एक कंदील. आणि त्या अख्ख्या इमारतीत त्यांच्याशिवाय दुसरा पाहुणा नाही.

म्हणजे इमारत रिकामीच होती. तरीही अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले, धर्मशाळा बाटवली म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. संस्थानच्या बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. एका हिंदू मित्राने सांगितलं, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितलं, बायकोला विचारावं लागेल. रात्रीची गाडी सुटेपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले.

अर्थशास्त्रातली उच्च पदवी हातात, सरकारी नोकरी हातात, समोर रिकामी इमारत. तरी मुक्काम बागेत. घराचा प्रश्न हा फक्त विटा-सिमेंटचा आणि पैशाचा प्रश्न असता तर हे घडलंच नसतं. पुण्यात पाच दिवस फिरलेल्या आपल्या मुलाचा प्रश्न याच जागेवरून सुरू होतो.

सरकारने बांधलेल्या चाळी आणि त्यांचे रहिवासी

बडोद्यात घर मिळालं नाही ते मुंबईत कुठे होतं? परळच्या पोयबावाडीत, मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. आपण तिला बीआयटी चाळ म्हणतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. १९१२ पासून १९३४ पर्यंत, राजगृहात जाईपर्यंत, बाबासाहेबांचं कुटुंब या चाळीत राहिलं. हे घर सार्वजनिक संस्थेच्या मालकीचं होतं, हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. खाजगी मालक आडनाव विचारतो. सरकारी चाळीत भाडं आणि नोंदवही चालते. भेदभाव तिथेही होता, पण दाराला फट होती.

१९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, आलं. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता आणि पैशासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवला होता. आपल्या वऱ्हाडचा कापूसही मुंबईच्याच बाजारात जात होता, हे विसरू नका. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फूट, संडास-मोऱ्या सामायिक.

आणि मग काय झालं? वरळीच्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. भाडं कामगाराला परवडेना, गिरण्या लांब, सोयी अपुऱ्या. गरीब माणूस रस्त्यावर आणि त्याच्यासाठी बांधलेली चाळ रिकामी! सविनय कायदेभंगाच्या काळात तर सरकारने वरळीतल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या इमारतीचा तुरुंग करायला सरकारला फार वेळ लागला नाही.

पुढे याच चाळींत गिरणी कामगार आले, पोलिसांची कुटुंबं आली आणि मोठ्या संख्येने आपली माणसं आली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड ही आंबेडकरी चळवळीची केंद्रं झाली. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरची सभा उधळली गेली, दंगल पेटली, ती याच वस्तीत. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्या आपल्या माणसांनी रक्त देऊन राखल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हे कुणाचे उपकार नाहीत. ज्यांनी जागा सोडली नाही, त्यांच्या तीन-चार पिढ्यांचा तो हक्क आहे.

बाबासाहेबांनी इमारती कशा बदलल्या

आपल्याकडे बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्यावर खूप बोललं जातं. त्यासाठी इमारती कुठून आणल्या, यावर फार कमी बोललं जातं.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय जून १९४६ मध्ये सुरू झालं. नवी भव्य इमारत बांधून होईपर्यंत बाबासाहेब थांबले नाहीत. सुरुवात झाली ती लष्करी बराकींमध्ये. युद्ध संपलं होतं, सैनिकांसाठीच्या बराकी आता विद्यार्थ्यांच्या झाल्या. पुढे मुंबईच्या फोर्ट भागात, बँका आणि व्यापारी पेढ्यांच्या वस्तीत, सोसायटीने जुन्या इमारती विकत घेतल्या. त्यांची नावं झाली आनंद भवन आणि बुद्ध भवन. ज्या रस्त्यावर आपला माणूस हमाल किंवा शिपाई म्हणूनच दिसायचा, तिथे तो विद्यार्थी म्हणून जिना चढू लागला.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भाच्या माणसाचं. गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या सोसायटीच्या हवाली केली. यात्रेपुरती भरणारी आणि एरवी मोकळी असणारी वास्तू मुलांच्या वसतिगृहासाठी दिली गेली. चोखोबाला मंदिराबाहेर ठेवणाऱ्या गावात चोखोबाच्या नावाच्या इमारतीत आपली पोरं शिकायला राहिली. आम्ही शेगावकर यात्रेच्या गावात राहतो. गर्दीच्या दिवशी खोलीला काय मोल असतं आणि गर्दी ओसरली की किती खोल्या मोकळ्या पडतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. गाडगेबाबांना जे १९४९ मध्ये सुचलं ते आजच्या धोरणकर्त्यांना सुचत नाही, असं समजू नका. सुचतं. करायचं नसतं.

एका इमारतीचा वापर बदलून दुसरा करणं ही काही परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. बराकीचं कॉलेज आणि धर्मशाळेचं वसतिगृह आपण पाऊणशे वर्षांपूर्वी केलं आहे.

गिरण्यांची ऑफिसं झाली तेव्हा

आता उलटा इतिहास बघा. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं होती, पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त होता, तिथे अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, त्यामुळे विटाळ होतो म्हणे! १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मैदानं आणि बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. हिशोब चांगला होता.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच "मोकळ्या" जमिनीची करायची. गिरणीत बहुतेक जमीन शेड आणि इमारतींखाली. म्हणजे शेड पाडून मोकळी झालेली जमीन मालकाची आणि मधलं अंगण तेवढं तिघांत वाटायचं! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली. एका शब्दाची व्याख्या बदलली आणि शेकडो एकरांचं भवितव्य बदललं.

पुढचं सगळ्यांना दिसतं आहे. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलमध्ये ऑफिसं आणि पब आले. दीड लाखाहून अधिक कामगार आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले, प्रत्यक्ष घर मिळालं ते त्यातल्या थोड्यांनाच. वापर बदलला, इमारती भरल्या, पण भरल्या कुणी?

या काळातला एक अपवाद आपण घडवला. दादरची इंदू मिल. सरकारी मालकीची, बंद पडलेली, चैत्यभूमीच्या शेजारी. वर्षानुवर्षं निवेदनं गेली, आश्वासनं आली. ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते आत शिरले आणि ठाण मांडून बसले. त्यानंतर वर्षभरात केंद्राने साडेबारा एकर जमीन स्मारकासाठी देण्याचा निर्णय घेतला. स्मारकाच्या राजकारणावर आपसात वाद घाला, हरकत नाही. पण धडा एकच आहे. "रिकामी" कुणासाठी, हे ठरण्याआधी आपण दारात उभे होतो.

आता ऑफिसांची पाळी

गिरण्यांच्या जागी आलेल्या ऑफिसांनाही आज स्पर्धा आहे. एकेकाळी नरिमन पॉइंट म्हणजे देशातली सर्वात महाग ऑफिसं. मग कंपन्या वांद्रे-कुर्ला संकुलात सरकल्या. एअर इंडियाने २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवलं. तिची २३ मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांना घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मान्यता दिली. कशासाठी? सरकारी कार्यालयांसाठी. त्यात चूक आहे असं मी म्हणत नाही. पण "सरकारकडे इमारतींसाठी पैसा नाही" हे उत्तर वसतिगृह मागायला गेलेल्या पोरांना यापुढे देऊ नये.

ऑफिसचं घर करणं कितपत सोपं आहे? फार सोपं नाही. ऑफिसचा मजला खोल असतो, मधल्या भागात उजेड-वारा पोचत नाही. संडास एकाच कोपऱ्यात असतात. प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मोरी, स्वयंपाकघर आणि खिडकी द्यायची तर बराच खर्च येतो. आगीच्या वेळी बाहेर पडायचे रस्ते वेगळे लागतात. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हाही "विकास"च मानला जातो, त्यासाठी परवानगी लागते.

पण इथेच आपल्या कामाचा मुद्दा आहे. फ्लॅट करायला जे अवघड, ते वसतिगृह करायला बरंच सोपं. वसतिगृहाला सामायिक संडास चालतात, एक मेस पुरते. खिडकीकडेला राहायच्या खोल्या आणि उजेड कमी असलेल्या मधल्या भागात भांडार, मेस, सभागृह बसवता येतं. म्हणून रिकाम्या ऑफिसवर पहिला हक्क विद्यार्थी आणि नोकरदार मुलींच्या वसतिगृहांचा असावा, ही मागणी भावनिक नाही, बांधकामाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे.

परदेशाचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. इंग्लंडने मे २०१३ पासून ऑफिसचं घर करायला नेहमीच्या परवानगीची अट काढून टाकली. बिल्डरांनी खुराडी बांधली. हार्लो नावाच्या गावातल्या टर्मिनस हाऊस या १४ मजली ऑफिस इमारतीत तर लंडनच्या पालिकांनी आपल्याकडची बेघर कुटुंबं नेऊन ठेवली. नातेवाईक, काम, मुलांची शाळा सगळं तुटलं. सरकारनेच करवून घेतलेल्या २०२० च्या अभ्यासात अशा घरांपैकी जेमतेम २२ टक्के घरं क्षेत्रफळाच्या राष्ट्रीय मानकात बसली. आरडाओरड झाली तेव्हा खिडकीची आणि २०२१ पासून किमान क्षेत्रफळाची अट आली. न्यूयॉर्कने १९९५ मध्ये करसवलत देऊन खालच्या मॅनहॅटनमध्ये सुमारे १३ हजार घरं करवून घेतली, पण परवडणाऱ्या घरांची अट घातली नाही. २०२४ च्या नव्या सवलतीत साधारण एक चतुर्थांश घरं परवडणारी ठेवण्याची अट घालावी लागली. दोन्हीकडे इमारत आधी बदलली आणि अटी मागून आल्या. तोवर जे नुकसान झालं ते गरिबाचं झालं.

आपल्या देशातलं उदाहरणही ताजं आहे. २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये मजूर पायी गावाकडे गेले, हे आपण आपल्या रस्त्यांवर पाहिलं. त्यानंतर केंद्राने योजना आणली. सरकारी पैशातून बांधलेली आणि रिकामी पडलेली सुमारे ८३ हजार घरं शहरी गरिबांना भाड्याने द्यायची. प्रत्यक्षात दिली गेली साडेपाच हजारांच्या आसपास, चंदीगड, सुरत, अहमदाबाद, राजकोट अशा मोजक्या शहरांत. घर रिकामं, गरजू हजर, योजना मंजूर. तरी दार उघडलं नाही. कारण दारावर धडक द्यायला कुणी संघटित नव्हतं.

"यात जात कुठून आली?"

हा लेख वाचून काही जण हे विचारणारच. आपलेही विचारतील. घराचा प्रश्न गरिबीचा आहे, सगळ्यांचा आहे, त्यात जात कशाला?

खरं आहे, गरीब सगळ्या जातींत आहेत आणि वसतिगृह सगळ्यांसाठीच हवं. पण गरीब मराठ्याला किंवा गरीब ब्राह्मणाला पैसे कमी म्हणून खोली मिळत नाही. आपल्या मुलाला पैसे असूनही मिळत नाही. आपल्या मुस्लीम भावाचं तर याहून वाईट. सरकारच्या स्वाधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये ठरवले आहेत, म्हणजे महिन्याला ५ हजार. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार आहेच. पण समजा वेळेवर आले, तरी ते घेऊन जायचं कुणाकडे? आडनाव विचारणाऱ्याकडेच! भत्ता म्हणजे भाड्याचे पैसे, दार नव्हे. म्हणून सार्वजनिक मालकीची इमारत हवी, जिथे प्रवेश यादीने होतो, मालकाच्या मर्जीने नाही. १९१७ चं बडोदं आणि परळची सरकारी चाळ यांत जो फरक होता तोच हा.

आपण काय करायचं

मुंबई लांब आहे, असं म्हणून सोडून देऊ नका. तालुक्याच्या गावी नवी प्रशासकीय इमारत झाली की जुनी कार्यालयं कुलूप लावून पडतात. कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स ओस पडतात. छपरावर पिंपळ उगवतो आणि दहा वर्षांनी "मोडकळीस आली" म्हणून ती जागा व्यापारी गाळ्यांसाठी जाते.

म्हणून पहिलं काम : आपल्या तालुक्यात सार्वजनिक बांधकाम विभाग, नगरपरिषद, पंचायत समिती यांच्या ताब्यात वापरात नसलेल्या किती इमारती आहेत, कधीपासून बंद आहेत, याची यादी माहितीच्या अधिकारात मागा. मी स्वतः एका कार्यालयात असा अर्ज दिला होता. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर आलं. मी अपील केलं. मग बाबूंनी फाईल काढून मोजणी सुरू केली. "रिकामी" हा शब्द त्यांच्या कागदावर आणणं हीच पहिली लढाई आहे.

दुसरं : ही यादी घेऊन समाजकल्याण कार्यालयात आणि लोकप्रतिनिधींकडे जा. एकट्याने नाही, गावोगावच्या विहारांतून ठराव घेऊन जा.

तिसरं : शहरांतल्या रिकाम्या ऑफिसांच्या रूपांतराचं धोरण आज ना उद्या येणार. ते येण्याआधी आपल्या अटी लिहून द्यायला हव्यात. सरकारी इमारत असेल तर वसतिगृह आणि सार्वजनिक भाड्याची घरं आधी. खाजगी इमारतीला सवलत दिली तर ठरावीक वाटा सार्वजनिक यादीने भाड्याने देण्यासाठी. प्रत्येक राहत्या खोलीला खिडकी आणि किमान क्षेत्रफळ. जात-धर्म विचारून घर नाकारणाऱ्याची सवलत रद्द. आणि "रिकामी", "मोकळी" या शब्दांची व्याख्या कायद्यातच स्पष्ट, म्हणजे गिरण्यांसारखी मागून बदलता येणार नाही.

पुण्याला गेलेला आपला मुलगा अजून पाचवा म्हणूनच राहतो आहे. परीक्षेच्या आधी त्याचा फोन आला, "दादा, लायब्ररी बंद झाली की फूटपाथच्या लाईटखाली बसतो. समोर एक मोठं हापीस हाय, चार महिन्यांपासून बंद. रात्रभर त्याच्या लाईटी चालू असतात."

बाबासाहेब बागेत बसले होते त्याला शंभर वर्षं उलटून गेली. समोरची इमारत आजही रिकामीच आहे. तिची यादी करायला या महिन्यापासून सुरुवात करू या.

जय भीम! जय संविधान!